मलकापूर रावेरात का गेलं? मतदारसंघांच्या हद्दी आखण्याचे नियम कुठे बदलावेत

प्रश्न असा आहे : पुढच्या पुनर्रचनेआधी लोकसभा मतदारसंघांच्या हद्दी आखण्याचे नियम सुधारायचे असतील, तर नेमकं काय बदलावं? प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या सारखी केली की पुरे नाही का?

मी महसूल खात्यातला माणूस. २००२ च्या कायद्याखाली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन (मतदारसंघ पुनर्रचना) आयोगाचं काम चाललं होतं, तेव्हा जिल्ह्याच्या निवडणूक शाखेतून आकडे, नकाशे आणि महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे काही गावांचा गट) गावांच्या याद्या पुरवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे हे उत्तर घटनापंडिताचं नाही, टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्याचं आहे.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवतो. कोणत्या राज्याला किती खासदार, हा वाद सध्या सगळ्यात जोरात आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आणि ८४ व्या दुरुस्तीनं तो बांध २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवला. दक्षिणेची भीती, उत्तरेची अपेक्षा, सभागृहातल्या खुर्च्या, हे सगळं राजकीय तडजोडीनं सुटेल किंवा सुटणार नाही. राज्याला मिळालेल्या जागांच्या रेषा राज्याच्या आत कशा ओढायच्या, हा प्रश्न वेगळा आहे. त्यावर कोणी बोलत नाही, आणि नियम खरे तिथेच ढिले आहेत.

लोकसंख्या समान हवी हे घटनेतच आहे. कलम ८१ म्हणतं की राज्यातल्या सगळ्या लोकसभा मतदारसंघांत लोकसंख्येचं प्रमाण ‘शक्य तितकं’ सारखं असावं. परिसीमन अधिनियमाचं कलम ९ त्यात भर घालतं : मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग आणि आटोपशीर असावा, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि जनतेची सोय बघावी, विधानसभेचा प्रत्येक मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात असावा. वाचायला छान आहे. पण लोकसंख्येत किती फरक चालेल, याचा आकडा कायद्यात नाही. १० टक्के कमी-जास्त ही मुभा आयोगानं आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच ठरवली होती. डोंगर आणि जिल्ह्याची हद्द यांत संघर्ष आला तर वरचढ कोण, तेही लिहिलेलं नाही. सगळे निकष एका ओळीत, एकाच वजनाचे.

मग प्रत्यक्षात निर्णय होतो कसा? क्रमानं. आणि रेषेपेक्षा हा क्रमच जास्त ठरवतो, हे बाहेरून दिसत नाही. आधी राज्याची लोकसंख्या विधानसभेच्या जागांनी भागली जाते. महाराष्ट्रात २००१ ची ९ कोटी ६८ लाख भागिले २८८, म्हणजे जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार. मग तो भागाकार जिल्ह्याजिल्ह्याला लावून पूर्णांक काढतात. सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८.६९ लाख, वाटा येतो २.५८, जागा मिळाल्या ३. पुण्याची ७२.३ लाख, वाटा येतो जवळजवळ बरोबर साडेएकवीस, जागा मिळाल्या २१. इथेच सिंधुदुर्गातली सरासरी विधानसभा जागा राज्याच्या सरासरीपेक्षा १४ टक्के हलकी झाली. अजून नकाशावर पेन्सिल टेकलेली नाही. त्यानंतर जिल्ह्याच्या आत महसूल मंडळं आणि शहरात वॉर्ड जुळवून विधानसभा आखायच्या, आणि शेवटी सहा-सहा विधानसभांचा गठ्ठा बांधून एक लोकसभा. २८८ भागिले ४८ बरोबर ६, म्हणून सहा. कायदा ‘सहा’ म्हणत नाही. तो फक्त विधानसभा मतदारसंघ तोडू नका म्हणतो. पण भागाकार नि:शेष जातो म्हटल्यावर सहा हा आकडा अलिखित नियम होऊन बसला.

या सहाच्या गठ्ठ्यानं कोकणात काय झालं ते बघा. सिंधुदुर्गात ३ विधानसभा : कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. रत्नागिरीत ५. बेरीज ८, म्हणजे एक लोकसभा आणि वर २ शिल्लक. ते दोन, दापोली आणि गुहागर, रायगड लोकसभेत गेले. रायगड जिल्ह्यात ७ विधानसभा. पैकी पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड हे चार त्या दोघांबरोबर बसले आणि पनवेल, कर्जत, उरण हे तीन उरले. ते ठाण्याला जोडावेत, तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बरोबर २४ विधानसभा : पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे अशा चार लोकसभा भरून जागाच नाही. मुंबईच्या दोन जिल्ह्यांत मिळून ३६, तिथेही सहा लोकसभा ठासून भरलेल्या. तिकडे घाटावर पुण्याच्या २१ पैकी १८ मध्ये पुणे, बारामती, शिरूर बसले आणि मावळ, पिंपरी, चिंचवड हे तीन उरले. घाटाखालचे तीन आणि घाटावरचे तीन मिळून मावळ लोकसभा झाली.

राजकारण्यांनी ठरवून घाट फोडला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. कोणाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण गणितच तिथे नेत होतं : मुंबईसह कोकणात ७५ विधानसभा होत्या आणि ७५ ला सहानं भागलं की तीन उरतातच. ते तीन सह्याद्री ओलांडल्याशिवाय गठ्ठ्यात बसणार नव्हते. आता यात अन्याय झाला का? द्रुतगती मार्गामुळे पनवेल आणि पिंपरी एकमेकांना तसे लांब नाहीत. पण उरणच्या मच्छीमाराचे प्रश्न आणि चिंचवडच्या कारखान्यातल्या कामगाराचे प्रश्न एकाच खासदाराच्या झोळीत टाकताना ‘सहा’ सोडून दुसरं कारण कोणी कागदावर मांडलं का? नाही. आणि सहाचा हट्ट सोडला असता तर वाट होती. मुंबईबाहेरच्या कोकणातल्या ३९ विधानसभांमधून सहाचे चार आणि पाचचे तीन असे सात मतदारसंघ करता आले असते. या भागाची लोकसंख्या १ कोटी २९ लाख होती, सातांत वाटली तर सरासरीनं प्रत्येकी साडेअठरा लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा (२०.१८ लाख) सुमारे ९ टक्के कमी. मात्र मग उरलेल्या राज्यात कुठे तरी तीन लोकसभा सात-सात विधानसभांच्या कराव्या लागल्या असत्या, आणि तिथल्या माणसाचं मत तेवढं हलकं झालं असतं. कोणाचं, हा खरा प्रश्न. तो विचारलाच गेला नाही.

कोकणापेक्षा मला जास्त बोलकं उदाहरण वाटतं ते मलकापूरचं. बुलढाणा जिल्ह्यात सात विधानसभा आल्या. सहा बुलढाणा लोकसभेत राहिल्या आणि सातवी, मलकापूर, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर लोकसभेत गेली, कारण जळगावात अकरा होत्या आणि दोन गठ्ठ्यांना एक कमी पडत होती. आता दुसरा हिशोब करा. अख्खा बुलढाणा जिल्हा, सातही विधानसभा, एकच लोकसभा केला असता तर लोकसंख्या झाली असती २२.३२ लाख, म्हणजे सरासरीपेक्षा १०.६ टक्के जास्त. जळगावची ३६.८३ लाख दोघांत वाटली तर सरासरीपेक्षा ८.८ टक्के कमी. म्हणजे दोन जिल्हे अखंड राहत होते, तीन लोकसभा तेवढ्याच राहत होत्या, आणि १० टक्क्यांची मर्यादा जेमतेम अर्ध्या टक्क्यानं ओलांडली जात होती. मलकापूरचा माणूस भुसावळकडे जातो-येतो, रेल्वे आहे, बाजार आहे. जोडणी अगदीच विचित्र नाही, हे मान्य. पण त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय बुलढाण्यात, जिल्हा परिषद बुलढाण्यात, आणि खासदार रावेरचा. जिल्ह्याच्या विकासकामांच्या बैठकीत अशा तालुक्याचा विषय दोन खासदारांच्या मधल्या फटीत कसा पडतो, हे ज्यांनी त्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली त्यांना विचारा.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : समानता हवीच, पण तिचा आकडा कायद्यात लिहा, आणि त्या आकड्याच्या बाहेर कधी आणि का जायचं तेही लिहा. साधारण मतदारसंघाला १० टक्के ठीक आहे. अख्खा जिल्हा एकत्र राहत असेल, किंवा डोंगर-जंगलाचा प्रदेश असेल, तर १५ टक्क्यांपर्यंत जाऊ द्या, मात्र आयोगानं त्या मतदारसंघापुरतं लेखी कारण दिलं पाहिजे. आमगावपासून अहेरीपर्यंत पसरलेला गडचिरोली-चिमूर एकदा आडवा-उभा फिरून बघावा, म्हणजे तिथे नागपूरइतकी डोकी मोजून भरणं का चुकतं ते कळेल. आणि ‘सहा’चा अलिखित नियम मोडीत काढायचा, पाच किंवा सातला मोकळीक द्यायची. लोकसभेच्या रचनेत वीट म्हणजे विधानसभा, आणि एक वीट म्हणजे मतदारसंघाचा सहावा हिस्सा, जवळजवळ १७ टक्के. वीट एवढी मोठी असताना बारीक काम करायचं तर गठ्ठ्याचा आकार तरी लवचीक हवा.

याहून कडक आकडा का नको, हे ब्रिटननं करून दाखवलं आहे. २०११ च्या कायद्यानं तिथे ५ टक्क्यांची पक्की चौकट आली. सवलत फक्त काही बेटांना आणि स्कॉटलंडमधल्यासारख्या विस्तीर्ण, विरळ वस्तीच्या भागांना. परिणाम असा की कॉर्नवॉल आणि डेव्हन या दोन परगण्यांच्या हद्दीवर एक मतदारसंघ प्रस्तावित झाला आणि आपला परगणा फुटतोय म्हणून कॉर्नवॉलचे लोक रस्त्यावर आले. त्यातच ६५० चे ६०० खासदार करायचं ठरलं होतं. खासदार आपलीच जागा कापायला हात वर करीनात आणि दोन फेऱ्यांची मेहनत पाण्यात गेली. २०२० च्या नव्या कायद्यानं ६५० जागा परत आणल्या, ५ टक्के तसेच ठेवले, अँगलसी बेटाला सवलत दिली, आणि मुख्य म्हणजे आयोगाच्या शिफारशी अडवण्याचा संसदेचा अधिकारच काढून घेतला. हा शेवटचा भाग आपल्याकडे १९५२ च्या परिसीमन आयोग कायद्यापासून आहे, आणि तो राहावा असं माझं ठाम मत आहे. आपला आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ येतं; तो सभागृहासमोर ठेवतात, पण सभागृह त्यात कानामात्रा बदलू शकत नाही. ‘लोकप्रतिनिधींना अंतिम शब्द द्या’ ही मागणी अधूनमधून येते. ती मान्य झाली तर हद्दी दर निवडणुकीआधी हलतील किंवा कधीच हलणार नाहीत.

लोकप्रतिनिधी आत्ताही आत असतातच. राज्याचे पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात. मत देण्याचा किंवा निर्णयावर सही करण्याचा अधिकार नाही, पण वेगळं मत असेल तर ते मसुद्यासोबत प्रसिद्ध करून घेता येतं. ही तरतूद चांगली आहे. मी इतकंच म्हणेन की त्यांच्या लेखी सूचना, त्या मान्य झाल्या की नाही आणि का, हे सगळं जाहीर व्हावं. चहाच्या टेबलावर सुचवलेली मंडळांची अदलाबदल आणि फाइलवर आलेली सूचना यांत फरक राहिला पाहिजे.

आता हद्दी गोठवण्याचा मुद्दा. पुनर्रचना जिल्हा आणि तालुका धरून होते, म्हणून जिल्ह्याची हद्द हलवली की मतदारसंघ आपोआप हलतो. आसाममध्ये निवडणूक आयोगानं २०२३ च्या पुनर्रचनेसाठी १ जानेवारी २०२३ पासून प्रशासकीय हद्दी गोठवायला सांगितलं. राज्य सरकारनं आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, चार नवे जिल्हे जुन्या जिल्ह्यांत परत विलीन केले : विश्वनाथ, होजाई, बजाली, तामुलपूर. बेकायदा काहीच नव्हतं. पण असा दिवस उपलब्ध असणं हाच नियमातला दोष आहे. पुनर्रचना सुरू होण्याच्या किमान वर्षभर आधीच्या हद्दी ग्राह्य धराव्यात, नंतरचे बदल आयोगाने विचारातच घेऊ नयेत.

जम्मू-काश्मीरच्या २०२२ च्या आदेशातून शिकण्यासारखं आणखी बरंच आहे. न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष होत्या. जिल्ह्यांचे भूगोलाप्रमाणे तीन गट करून १० टक्के कमी-जास्त मुभा दिली गेली, कल्पना चांगली. शेवटी काश्मीर खोऱ्यात ४७ आणि जम्मूत ४३ विधानसभा आल्या. २०११ च्या लोकसंख्येत खोऱ्याचा वाटा सुमारे ५६ टक्के, जागांत ५२. पाच लोकसभांना अठरा-अठरा विधानसभा. गठ्ठ्याचा नियम इथेही. त्यातून पीर पंजाल पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना पसरलेला अनंतनाग-राजौरी मतदारसंघ तयार झाला. दोन भागांना थेट जोडणारा मुघल रोड हिवाळ्यात बर्फाखाली असतो. २०२४ ला तिथलं मतदान ७ मे वरून २५ मे ला ढकलावं लागलं, कारण रस्ते आणि हवामान. ‘दळणवळणाची सोय’ हा निकष कायद्यात होता. त्याला आकडा नव्हता, म्हणून आकडा असलेला निकष जिंकला. असं दर वेळी होतं.

आकडेच जुने असतात ही तक्रार तुम्हाला ठाऊक असेल. आपण २००९ पासूनच्या चारही लोकसभा २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या रेषांवर लढलो. २०२४ ला ठाण्यात सुमारे २५ लाख मतदार होते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात साडेचौदा लाख. विधानसभेला चिंचवड साडेसहा लाखांच्या वर आणि वडाळा दोन लाखांच्या आसपास, म्हणजे वडाळ्याचं एक मत चिंचवडच्या तिनांच्या बरोबरीचं. राज्यांमधल्या जागांचा वाद मिटो न मिटो, राज्याच्या आतल्या रेषा दर जनगणनेनंतर सुधारायला घटनेनं स्वतःच घातलेल्या बंदीखेरीज कोणतीही अडचण नव्हती आणि नाही. दक्षिण-उत्तर वादाला बांधून हे काम तीस-तीस वर्षं अडवणं निव्वळ आळस आहे. घटनादुरुस्तीत या दोन गोष्टींची गाठ सोडवली, तर माझ्या मते निम्मं काम झालं.

एक बारकावा मात्र आकड्यांची पूजा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावा. जनगणनेची मोजणी आपल्याकडे फेब्रुवारीत होते, आणि फेब्रुवारीत बीडचा ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो. मोजणीचा सगळा काळ जो गावाबाहेर आहे, त्याची नोंद तो असेल तिथे होते. मतदार यादीत तो गावी, लोकसंख्येत फडावर. हा आकडा पूर्णपणे दुरुस्त होणार नाही, पण स्थलांतर मोठं असलेल्या तालुक्यांत लोकसंख्येबरोबर मतदारसंख्याही तपासून बघण्याचा नियम करता येतो. फक्त मतदारसंख्येवर रेषा आखा असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. खासदार शाळकरी मुलांचाही असतो.

राखीव जागांबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अनुसूचित जमातींसाठी जिथे प्रमाण सर्वाधिक तिथे, आणि अनुसूचित जातींसाठी प्रमाण तुलनेनं जास्त असून राज्याच्या वेगवेगळ्या भागांत, असा नियम आहे. २००८ ला महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या लोकसभा जागा तीनवरून पाच झाल्या : बुलढाणा, पंढरपूर, उस्मानाबाद जाऊन अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर आले. अशी राखीव जागा पुढची पुनर्रचना होईपर्यंत हलत नाही, आणि ती कधी होईल याची तारीख नाही. १०६ व्या दुरुस्तीतल्या महिलांच्या राखीव जागा मात्र दर पुनर्रचनेनंतर फिरवाव्याच लागतील. एकाच सभागृहात दोन रीती कशा नांदतील, याचा विचार आधी झालेला बरा.

न्यायालयाचं काय? मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राजपत्रात आलेल्या परिसीमन आदेशाला आव्हान देता येत नाही, नाहीतर निवडणुकाच होणार नाहीत. उज्जैनची जागा राखीव केल्याचा तो वाद होता. २०२४ मध्ये बारडोलीच्या राखीव जागेवरून आलेल्या किशोरचंद्र राठोड प्रकरणात न्यायालयानं थोडी फट ठेवली : आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर बघता येईल. मला हा मधला रस्ता बरा वाटतो, पण तो कायद्यातच यावा. मुदत ठरावीक, साठ दिवस समजा, आणि प्रश्न एकच : मर्यादा ओलांडली तिथे कारण दिलं होतं का. रेषा न्यायाधीशांनी आखू नये.

शेवटी मसुद्याबद्दल. आपला मसुदा म्हणजे राजपत्रातली यादी : अमुक तालुका भाग, महसूल मंडळ अमुक, सज्जा तमुक. ती वाचून आपलं गाव कुठे गेलं हे तलाठ्याला कळतं, बाकी कोणाला नाही. मंडळनिहाय लोकसंख्या, जागेवर मोठा करून बघता येईल असा नकाशा आणि आधीच्या-नंतरच्या हद्दी एकत्र जाहीर करणं आज अजिबात अवघड नाही. ब्रिटनमध्ये आलेल्या सगळ्या हरकती प्रसिद्ध होतात आणि एकाच्या हरकतीवर दुसऱ्याला उत्तर देता येतं. आपल्याकडे जाहीर सुनावणी होते, पण एका सभागृहात, एका दिवसात, घोषणांच्या गदारोळात. तिथे जे टिकतं ते लेखी असतं.

म्हणून हरकत द्यायची वेळ आली तर ‘आमच्या गावावर अन्याय झाला’ असं लिहून पाठवू नका. तसल्या अर्जांचे गठ्ठे मी स्वतः बांधलेत आणि त्यांना उत्तर एकाच ओळीचं असतं. कोणतं मंडळ काढायचं, त्याची लोकसंख्या किती, ते कुठे जोडायचं, बदल्यात दुसऱ्या बाजूनं कोणतं मंडळ घ्यायचं आणि त्यानंतर दोन्ही मतदारसंघ सरासरीच्या किती टक्के वर-खाली राहतात, हे एका पानात मांडा. सोबत शेजारच्या मतदारसंघातल्या दोन ग्रामपंचायतींचा ठराव जोडलात तर फारच उत्तम, कारण अदलाबदलीला समोरच्याची हरकत नाही हे त्यातून दिसतं. अशी हरकत कार्यालयात बाजूला काढून ठेवली जाते आणि तिच्यावर टिपणी लिहावीच लागते.